चार अक्षरांची लिंक आणि शेजारचा रिपोर्ट

हेडफोन कानात, फोन हातात आणि तुम्ही बहुतेक लोकलमध्ये, असं मी गृहीत धरते. आजचा विषय खरोखरच छोटा आहे. कुरिअरचा मेसेज येतो, बँकेचा येतो, वीजबिलाचा येतो आणि त्याच्या शेवटी एक आखूड लिंक असते. एक तिरकी रेघ आणि पुढे पाच-सहा अक्षरं, ज्यांना काहीच अर्थ नसतो. त्यावर बोट टेकवलं की आपण कुठल्या तरी लांबलचक पत्त्यावर पोचतो. हे होतं कसं?

माझ्या पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत हाच प्रश्न आला होता. "लिंक छोटी करणारी सिस्टिम डिझाइन करून दाखव." तुमच्यापैकी जे कॅम्पस प्लेसमेंटची तयारी करताय, त्यांना तो पाठच असेल. मलाही पाठ होता. फळ्यावर उत्तर लिहिलं, नोकरी मिळाली. ऑफिस सीबीडी बेलापूरला, स्टेशनच्या डोक्यावरच्या इमारतीत. ट्रेनमधून उतरायचं आणि लिफ्टनं वर जायचं, पावसाळ्यात छत्रीसुद्धा लागत नसे. आणि वर्षभरानं त्याच पाठ केलेल्या उत्तरानं मला संध्याकाळी सात वाजता घाम फोडला. ती गोष्ट सांगणार आहे. पण आधी थोडं गणित करू, नाहीतर घाम का फुटला ते कळणार नाही.

मुळात लिंक छोटी करायची गरज काय? जगात याची सुरुवात २००२ च्या सुमाराला टायनीयूआरएलनं झाली. मग ट्विटर आलं, १४० अक्षरांची मर्यादा आली आणि ही गरज सगळ्यांनाच भासू लागली. पण मराठीवाल्यांचं दुखणं त्याहून वेगळं आहे. कधी मराठी विकिपीडियावरच्या 'महाराष्ट्र' या पानाची लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकून बघा. पत्त्यात दिसताना छान 'महाराष्ट्र' दिसतं, पण पेस्ट केलं की टक्का, ई, शून्य, टक्का, ए, चार, टक्का... अशी मुंग्यांची रांग लागते. आमच्या घरच्या ग्रुपवर एकदा मी अशी लिंक टाकली, तर काकाचं उत्तर आलं, "फोनला काही झालंय का गं?"

फोनला काही झालेलं नसतं. वेब पत्त्यात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं चालतात. देवनागरी तशी आत जाऊ शकत नाही, म्हणून तिचं वेषांतर करतात. आपल्या हिशेबानं 'महाराष्ट्र' म्हणजे म, हा, रा, ष्ट्र अशी चार अक्षरं. कंप्युटरच्या हिशेबानं काना वेगळा, पाय मोडायचं चिन्ह वेगळं, आणि एकूण होतात १०. या प्रत्येकाला साठवायला ३ बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट पत्त्यात टक्क्याचं चिन्ह अधिक दोन खुणा अशा ३ अक्षरांनी लिहिला जातो. ३ गुणिले ३ म्हणजे ९. दहा अक्षरांचे झाले ९०. पुढचा विकिपीडियाचा ठरलेला भाग ३० अक्षरांचा. म्हणजे एका 'महाराष्ट्र'साठी १२० अक्षरांची लिंक!

एसएमएसमध्ये तर दुहेरी मार बसतो. इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरं मिळतात हे माहीत असतं. पण मेसेजमध्ये देवनागरीचं एक जरी अक्षर आलं, तरी सगळा मेसेज वेगळ्या पद्धतीनं साठवला जातो आणि मर्यादा थेट ७० वर येते. ७१ वं अक्षर आलं की दोन मेसेजचे पैसे. त्यामुळे मराठीत मेसेज पाठवणाऱ्या कंपनीला आखूड लिंक ही चैन नसते, तो रोजच्या खर्चाचा प्रश्न असतो.

आता ती आखूड होते कशी? बऱ्याच जणांना वाटतं की झिप फाइलसारखं काहीतरी दाबून बसवलं जातं. तसं अजिबात नाही. १२० अक्षरांत लिहिता येतील असे पत्ते इतके अफाट आहेत, की ते सगळे सहा अक्षरांत दाबून नंतर जसेच्या तसे बाहेर काढणं शक्यच नाही. डबे कमी आणि लाडू जास्त असले की एका डब्यात दोन लाडू जाणारच.

मग करतात काय, तर चप्पल स्टँडवर जे करतात ते. देवळाबाहेर चप्पल देता, माणूस तुम्हाला बिल्ला देतो. बिल्ल्यावर ४७ लिहिलंय. त्या ४७ मध्ये तुमची चप्पल कोल्हापुरी आहे का सँडल, यातलं काही लिहिलेलं नाही. ४७ नंबरच्या खणात काय आहे, ते फक्त स्टँडवाल्याला माहीत. आखूड लिंक म्हणजे तो बिल्ला. तुम्ही बोट टेकवता, तुमचा ब्राउझर त्या कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, "अमुक बिल्ला, कुठे जाऊ?" सर्व्हर आपल्या वहीत बघतो आणि खरा पत्ता सांगतो. ब्राउझर तिकडे पळतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.

उत्तर देताना सर्व्हर एक नंबरही सांगतो, ३०१ किंवा ३०२. ३०१ म्हणजे "ते कायमचे तिकडे राहायला गेलेत", मग ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी कदाचित विचारायलाही येत नाही. ३०२ म्हणजे "सध्या तिकडे आहेत", म्हणून प्रत्येक वेळी पुन्हा विचारावं लागतं. ज्यांना तुमचे क्लिक मोजायचे असतात त्यांना ३०२ जास्त आवडतो, हे वेगळं सांगायला नको.

बिल्ल्याच्या बरोबर उलट स्वभावाचा एक नंबर आपण रोज वापरतो, तो म्हणजे पिन कोड. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते. सरकारी अधिकारी, आणि संस्कृतचे कवी! सीबीडी बेलापूरचा पिन ४००६१४. पहिला ४ पाहिला की पश्चिम विभाग, पहिले तीन आकडे पाहिले की टपाल वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे पत्र वाटणारं पोस्ट ऑफिस. वही न उघडता नुसत्या नंबरावरून पत्राची दिशा कळते. नंबर जवळचा असेल तर जागाही सहसा जवळची. पिनमध्ये शेजार हा गुण आहे. हे शेजार प्रकरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बिल्ल्यावर नंबर कसा लिहायचा? साधे आकडे वापरले तर प्रत्येक जागी १० पर्याय मिळतात. पण लिंकमध्ये इंग्रजी अक्षरंही चालतात. लहान लिपीतली २६, मोठ्या लिपीतली २६ आणि १० आकडे, मिळून ६२. म्हणून मोजणी ६२ च्या पटीत करायची. ऐकायला विचित्र वाटतं, पण ६० च्या पटीत आपण रोज मोजतो. ६० सेकंद झाले की एक मिनिट, ६० मिनिटं झाली की एक तास. इथे फक्त ६० च्या जागी ६२.

आपला बेलापूरचा पिनच घेऊ. ४००६१४ ला ६२ नं भागा. भागाकार ६४६१, बाकी ३२. पुन्हा भागा, १०४ आणि बाकी १३. पुन्हा, १ आणि बाकी ४२. उरला १. आता खालून वर वाचा: १, ४२, १३, ३२. शून्य ते नऊ हे आकडे, १० म्हणजे स्मॉल ए, तिथून ३५ म्हणजे स्मॉल झेड, आणि ३६ पासून कॅपिटल ए. मग ४२ झाला कॅपिटल जी, १३ झाला स्मॉल डी, ३२ झाला स्मॉल डब्ल्यू. झालं! सहा आकड्यांचा पिन चार अक्षरांत बसला: एक, कॅपिटल जी, स्मॉल डी, स्मॉल डब्ल्यू.

चार अक्षरांत एकूण किती बिल्ले होतात? ६२ चा चौथा घात, १ कोटी ४७ लाखांच्या वर. पाच अक्षरांत साधारण ९१ कोटी ६१ लाख. सहा अक्षरांत ५,६८० कोटी. सात अक्षरांत साडेतीन लाख कोटी. एक अक्षर वाढलं की ६२ पट. हेच मी फळ्यावर लिहिलं होतं. एक काउंटर ठेवा, नवी लिंक आली की एकानं वाढवा, तो नंबर ६२ च्या पटीत लिहा. बिल्ला कधीच दुसऱ्यांदा निघणार नाही. सुटसुटीत, आखूड, एकदम स्वच्छ.

आता ती संध्याकाळ.

आमची कंपनी छोट्या पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायची. नाव सांगत नाही, आणि त्यात चूक माझीही होती. रक्त तपासून झालं की पेशंटला मराठीत मेसेज जायचा: "आपला अहवाल तयार आहे. पाहण्यासाठी:" आणि पुढे लिंक. एवढ्या मजकुराचीच स्पेससकट ३४ अक्षरं होतात, मोजून बघा. लिंकची १९. उरली १७, त्यात लॅबचं नाव. एका एसएमएसमध्ये सगळं बसवलं म्हणून माझं कौतुकही झालं होतं. काउंटर मी दहा लाखांपासून सुरू केला होता, म्हणजे पहिल्या दिवसापासून कोड चार अक्षरी दिसेल.

सपोर्टचा मुलगा चहाला गेला होता म्हणून फोन मी उचलला. पलीकडे एक काकू होत्या. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन, म्हणून मेसेजमधली लिंक कागदावर उतरवून भाच्याच्या लॅपटॉपवर टाइप केली होती.

"अगं मुली, रिपोर्ट उघडला, पण हे नाव माझं नाहीये. कोणा पुरुषाचं आहे. वय ३४ लिहिलंय. आणि साखर केवढी वाढलीये बघ त्यांची! त्यांना कोणी सांगितलंय का?"

मला आधी वाटलं लॅबनं नमुने बदलले. मी म्हटलं, "काकू, लिंकची शेवटची चार अक्षरं सांगता का?" त्यांनी सांगितली, शेवटी कॅपिटल आय. आमच्या नोंदीत त्यांच्या कोडच्या शेवटी होता स्मॉल एल. फोनच्या स्क्रीनवर दोन्ही म्हणजे एक उभी काडी. आणि माझ्या मोजणीत स्मॉल एल म्हणजे २१, कॅपिटल आय म्हणजे ४४. काकू एका काडीच्या फरकानं २३ रिपोर्ट पुढे गेल्या होत्या.

त्या क्षणी मला फळ्यावरचं उत्तर वेगळंच दिसायला लागलं. दहा लाखांपासून आजच्या नंबरापर्यंतचा प्रत्येक कोड जिवंत होता. मध्ये एकही रिकामी जागा नाही. शेवटचं अक्षर काहीही टाका, कोणाचा ना कोणाचा रिपोर्ट उघडणारच. काकूंनी चुकून केलं ते कोणी मुद्दाम केलं असतं, तर एका रात्रीत सगळी वही वाचून काढली असती. पिन कोडमध्ये जो शेजार गुण होता, तोच इथे घात होता. लिंक छोटी करताना मी फक्त लांबी मोजली, रिकामी जागा मोजलीच नाही.

त्या रात्री आम्ही आधी सगळ्या लिंक्स बंद केल्या. दुसऱ्या दिवशी लॅबनं त्या ३४ वर्षांच्या गृहस्थांना फोन करून झालेला प्रकार सांगितला. तो फोन मला करावा लागला नाही याचं हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. साखरेचं त्यांना कळलं होतं, तेवढं काकूंना मी कळवलं.

मग दुरुस्ती काय? पहिला विचार येतो तो असा, की क्रमानं न देता कोड चिठ्ठी उचलल्यासारखे द्यायचे. सहा अक्षरं, ५,६८० कोटी चिठ्ठ्या. भरपूर वाटतात ना? इथे दोन वेगळी गणितं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिलं, टक्कर. दोन लिंक्सना चुकून एकच चिठ्ठी निघणं. वर्गात फक्त २३ मुलं असली तरी कोणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. वर्षाचे दिवस ३६५, पण २३ मुलांतच गाठ पडते, कारण जोड्या झपाट्यानं वाढतात. ढोबळ नियम असा: एकूण चिठ्ठ्यांचं वर्गमूळ काढा आणि १.१८ नं गुणा. ५,६८० कोटींचं वर्गमूळ आहे २,३८,३२८. म्हणजे साधारण २ लाख ८० हजार लिंक्स दिल्या की एक तरी टक्कर झाली असण्याची शक्यता पन्नास टक्के. ५,६८० कोटींपुढे २ लाख ८० हजार म्हणजे चिमूटभर मीठ! पण ही टक्कर सोपी आहे. डेटाबेसला सांगून ठेवायचं की एक कोड दोनदा घेऊ नकोस. त्यानं नकार दिला की दुसरी चिठ्ठी उचलायची, संपलं.

दुसरं गणित जास्त महत्त्वाचं, आणि ते इंटरव्ह्यूत मला कोणी विचारलं नव्हतं. ते म्हणजे अंदाज. समजा १० लाख लिंक्स जिवंत आहेत. ५,६८० कोटी भागिले १० लाख म्हणजे ५६,८००. कोणीही डोळे मिटून कोड टाकत गेला, तर सरासरी ५६,८०० प्रयत्नांत एक रिपोर्ट सापडतो. माणसाला हे जमणार नाही, पण स्क्रिप्ट सेकंदाला १०० प्रयत्न सहज करते. म्हणजे साडेनऊ मिनिटांत एक. चहा पिऊन होईपर्यंत एकाचा रिपोर्ट.

हे माझ्या डोक्यातलं भूत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मार्टिन जॉर्जिएव्ह आणि विताली श्मातिकोव्ह या दोन संशोधकांनी नेमकं हेच करून दाखवलं होतं. बिटलीच्या सहा अक्षरी लिंक्स अंदाजानं उघडत गेले, तर लोकांचे खासगी वनड्राइव्ह फोल्डर सापडले, त्यातले काही तर कोणीही बदलू शकेल असे. गूगल मॅप्सच्या आखूड लिंक्स तेव्हा पाच अक्षरी होत्या, त्यातून कोण कुठून कुठे जायचा रस्ता शोधतंय ते दिसत होतं. त्यानंतर गूगलनं मॅप्सचे कोड ११-१२ अक्षरी केले. म्हणजे आम्ही नवीन चूकही केली नव्हती. जगानं आधीच करून, लिहून ठेवलेली चूक आम्ही न वाचता पुन्हा केली.

आता सहाऐवजी दहा अक्षरं घेऊ. बाकी सगळं तेच, १० लाख लिंक्स, सेकंदाला १०० प्रयत्न. एक रिपोर्ट सापडायला लागतील सरासरी २६६ वर्षं. चार अक्षरं वाढवली आणि साडेनऊ मिनिटांची २६६ वर्षं झाली. हा हिशेब मी तीनदा तपासला होता, कारण माझाच विश्वास बसेना.

आम्ही दहा अक्षरं घेतली. शिवाय गोंधळात टाकणारी पाच चिन्हं काढून टाकली: शून्य, कॅपिटल ओ, एक, स्मॉल एल आणि कॅपिटल आय. विकिपीडियाच्या आखूड लिंक्समध्येही ही पाच वापरत नाहीत, ते मला नंतर दिसलं. ६२ चे ५७ झाले. २६६ वर्षांची साधारण ११५ झाली, पण काकूंची उभी काडी कायमची गेली. आणि आता कोणी अक्षर चुकवलंच, तर त्या कोडवर खरा रिपोर्ट असण्याची शक्यता ३६ हजार कोटींत एक. चुकीचा कोड कोणाच्या घरात शिरत नाही, रिकाम्या मैदानावर जाऊन पडतो.

तरीही आखूड लिंक म्हणजे कुलूप नाही, कारण मेसेज फॉरवर्ड होतातच. म्हणून रिपोर्ट उघडण्याआधी मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे विचारायला लागलो आणि सात दिवसांनी लिंक मरेल अशी सोय केली.

खरं भांडण झालं ते सहा अक्षरांवरून. लिंक १९ ची २५ झाली, लॅबच्या नावाला १७ ऐवजी ११ अक्षरं उरली. बऱ्याच लॅबची नावं त्यात मावेनात, मग ७० ची हद्द ओलांडणार आणि खर्च दुप्पट होणार. मॅनेजर म्हणाले, "सात अक्षरं कर ना, दहा कशाला?" मी साडेनऊ मिनिटांचा हिशेब पुन्हा मांडला. सात अक्षरांना साधारण पावणेदहा तास लागतात, म्हणजे रात्री लावून ठेवलं की सकाळी एक रिपोर्ट. ते गप्प झाले, पण बजेट काही वाढलं नाही. शेवटी मी मेसेजमधून 'पाहण्यासाठी' हा शब्द, पुढचं चिन्ह आणि स्पेस काढली. १३ अक्षरं वाचली! टेम्प्लेटला नव्यानं मंजुरी घ्यावी लागली, त्यात काही दिवस गेले. आणि तो शब्द गेल्याची तक्रार आजवर कोणी केलेली नाही. लिंक पाहण्यासाठीच असते हे लोकांना कळतं.

एक गोष्ट राहिली, ती म्हणजे वही कोणाच्या हातात आहे. स्टँडवाला दुकान बंद करून गेला तर तुमच्या बिल्ल्याचं काय? गूगलनं आपली लिंक छोटी करायची सेवा बंद करणार असं २०१८ मध्ये जाहीर केलं आणि २५ ऑगस्ट २०२५ नंतर जुन्या लिंक्सही चालणार नाहीत असं नंतर सांगितलं. ऐन वेळी त्यांनी वापरात असलेल्या लिंक्स ठेवायचं ठरवलं. पण ज्यांवर कोणी फिरकत नव्हतं, त्यांचं काय झालं असेल? पुस्तकात, लग्नपत्रिकेवर, प्रबंधाच्या शेवटी छापलेली आखूड लिंक दुरुस्त करता येत नाही. छापायचं असेल तर मी पूर्ण पत्ताच देते, मुंग्यांची रांग असली तरी.

आणि हो, अनोळखी मेसेजमधली आखूड लिंक. १ ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायच्या आदेशानं, कंपन्यांच्या एसएमएसमधली लिंक आधी नोंदवलेली नसेल तर मेसेज अडवला जातो. पण हा नियम व्हॉट्सॲपला लागू नाही, आणि ई-चलानच्या नावानं येणाऱ्या खोट्या लिंक्स तिथेच जास्त फिरतात. बिल्ल्याकडे बघून खणात काय आहे ते तुम्हाला कळणार नाही, मलाही कळत नाही. मी चलान बघायचं असेल तर सरकारी साइट स्वतः उघडते.

आता तुमचं काम. तुमचा पिन कोड घ्या, ६२ नं भागत जा आणि तुमच्या गावाची चार अक्षरं काढून मला पाठवा. स्मॉल, कॅपिटल नीट सांगा. उभी काडी आली तर ती एल आहे का आय, तेही लिहा. पुढच्या भागात क्यूआर कोड घेऊ, कोपरा फाटला तरी तो स्कॅन कसा होतो ते. भेटूच!